शुक्रवारचा सामना आणि टेलरांचं स्वयंपाकघर

‘फ्रायडे नाइट लाइट्स’ ही मालिका अमेरिकन फुटबॉलवर आहे, एवढं कळलं की पुष्कळ मराठी प्रेक्षक तिच्या वाटेला जात नाहीत. हेल्मेट घातलेली, खांद्यांना पॅड बांधलेली पोरं एकमेकांवर आदळतात, दर काही सेकंदांनी खेळ थांबतो, शिट्टी का वाजली ते कळत नाही. त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे. पण बहुतेक भागांत सामना शेवटच्या काही मिनिटांपुरता असतो. बाकी सगळा वेळ एका घरात जातो. एरिक टेलर हा टेक्सासमधल्या डिलन नावाच्या काल्पनिक गावात हायस्कूलचा फुटबॉल कोच आहे. टॅमी त्याची बायको, त्याच शाळेत समुपदेशक. घरात ज्युली ही वयात आलेली मुलगी, आणि पुढे ग्रेसी बेल हे तान्हं बाळ. पाच पर्वं आणि ७६ भाग मिळून ही मालिका एकच प्रश्न धसाला लावते: या घरात कुणाच्या नोकरीसाठी कुणी बिऱ्हाड हलवायचं?

मूळ पुस्तक एच. जी. बिसिंजर या पत्रकाराचं, १९९० सालचं. पश्चिम टेक्सासमधल्या ओडेसा या तेलाच्या गावी राहून त्यांनी तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या संघाचा १९८८चा हंगाम टिपला होता. एक सामना हरल्यावर त्या संघाच्या कोचच्या अंगणात लोकांनी ‘घर विकणे आहे’च्या पाट्या आणून रोवल्या, हा त्यातला तपशील कधी विसरता येत नाही. पीटर बर्ग यांनी २००४ मध्ये त्यावर चित्रपट केला. त्यात कोचच्या बायकोची भूमिका कॉनी ब्रिटन यांची होती आणि संकलनात ती जवळजवळ उडाली. बर्ग मालिकेसाठी पुन्हा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या सहजासहजी तयार झाल्या नाहीत. स्टँडमध्ये बसून टाळ्या वाजवणारी बायको त्यांना पुन्हा करायची नव्हती. या खेपेला तसं होणार नाही, असा शब्द मिळाल्यावरच त्या आल्या. मालिकेची धुरा सांभाळणाऱ्या जेसन केटिम्स यांना ब्रिटन आणि एरिक झालेले काइल चँडलर या दोघांनीही आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: या जोडप्याच्या वाट्याला विवाहबाह्य प्रकरण नको. ही अट दिसते साधी, पण तिने लेखकांचा सर्वांत सोपा रस्ता बंद केला. तिसरं माणूस आणता येत नसेल, तर भांडण दोघांतूनच काढावं लागतं. पगार, बदली, थकवा, मुलीचं वागणं, तोंडातून गेलेला शब्द, यांतून.

खेळ किती समजला की पुरे? फार थोडा. अकरा-अकरा खेळाडू, १०० यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे गोलपट्टे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तेवढं साधलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही साधलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की सहा गुण, खांबांमधून लाथाडला की तीन. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू आधी येतो आणि तो कुणाला द्यायचा हे जो ठरवतो तो. बारा-बारा मिनिटांचे चार भाग. एवढ्या भांडवलावर पाचही पर्वं बघता येतात.

त्यापेक्षा आठवडा समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण मालिकेचा ताल त्यावर आहे. टेक्सासमध्ये मोठ्या मुलांच्या संघाचा सामना साधारणपणे शुक्रवारी रात्री असतो. शनिवारी सकाळी कालच्या सामन्याचं चित्रण लावून चुका काढायच्या, सोमवारपासून सराव, मधल्या दिवशी लहान संघांचे सामने, शुक्रवारी दुपारी शाळेत बँड वाजवून संघाचा जयघोष, आणि रात्री दिवे. राज्यातले शालेय खेळ चालवणाऱ्या संस्थेने शाळेच्या आठवड्यात सरावाला आठ तासांची मर्यादा घातलेली आहे. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नियम आहे की विषयात ७० गुण नसतील तर मैदानावर उतरता येत नाही. म्हणजे इंग्रजीच्या एका पेपरावर अख्ख्या गावाचा शुक्रवार अवलंबून असू शकतो, आणि तो पेपर तपासणारी बाई व समुपदेशकाच्या खुर्चीतली टॅमी यांच्यावर दबाव कुठून येतो हे आपोआप कळतं. हंगामात दहा सामने, पुढे बाद फेरी. हरलेल्या संघाच्या कोचला सात दिवस गावात तोंड दाखवावं लागतं, पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत. मालिकेत बडी गॅरिटी नावाचा मोटारींचा डीलर आहे. तो संघाच्या देणगीदारांचा म्होरक्या. ही असली मंडळी तिथे खरोखरच असतात आणि त्यांच्या पैशाला वजन असतं. डॅलसच्या उत्तरेला अ‍ॅलन इथल्या शाळेने २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार आसनांचं मैदान बांधलं, आणि काँक्रीटला भेगा सापडल्यामुळे २०१४ मध्ये ते काही काळ बंद ठेवावं लागलं. त्या पट्ट्यात मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. अशा शाळांत मुलं घालणाऱ्या आईबापांना डिलन अतिशयोक्त वाटणार नाही.

घर खरं का वाटतं, याचं उत्तर चित्रीकरणाच्या पद्धतीत आहे. ऑस्टिन आणि पफ्लुगरव्हिल भागात खऱ्या जागांवर काम चाललं. टेलरांचं घर हे खरंखुरं राहतं घर होतं. तीन कॅमेरे, तिन्ही हातात धरलेले. तालीम नाही. नटाने अमुक जागी येऊन थांबावं म्हणून जमिनीवर खुणा नाहीत. नट दारातून आत येतो, फ्रिज उघडतो, बोलता बोलता पाठमोरा होतो, आणि कॅमेऱ्याने त्याला शोधायचं. संवाद लिहिलेला असतो, पण तो वाक्यागणिक तसाच म्हणायची सक्ती नाही. एरवीच्या मालिकांत आधी एकाचा चेहरा घेतात, मग दिवे हलवून दुसऱ्याचा, आणि दोन्ही चेहरे संकलनात जोडतात. तिथे दोघांनी एकाच वेळी बोलून चालत नाही, आवाज तुटतो. इथे तिन्ही कॅमेरे एकदम चालू असल्यामुळे एरिक आणि टॅमी एकमेकांचं बोलणं तोडू शकतात, अर्धं वाक्य गिळू शकतात, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा त्याच क्षणाचा मिळतो. संसारातली भांडणं अशीच तर होतात. कुणीही आपलं वाक्य पूर्ण करत नाही. या पद्धतीचा तोटाही आहे. चौकट हलते, नको तिथे जवळ जाते, आणि पहिल्या काही भागांत डोळ्यांना त्रास होतो. तीन-चार भाग धीर धरला की तो जाणवेनासा होतो.

या पद्धतीचा कस तिसऱ्या पर्वात लागतो. ज्युली आणि एरिकच्या संघाचा क्वार्टरबॅक मॅट सॅरासन यांचं नातं कुठवर गेलं आहे ते एरिकला नको त्या प्रकारे कळतं, म्हणजे तो मॅटच्या घरात शिरतो आणि पोरं पलंगात असतात. बापाला काय बोलावं सुचत नाही. बोलायचं काम टॅमीवर येतं, आणि ती ते टाळत नाही. तिचे प्रश्न एकामागून एक येतात: तुझं त्याच्यावर प्रेम आहे का, त्याचं आहे का, काळजी घेता का, दर वेळी घेता का. एकदा झालं म्हणून दर वेळी हो म्हटलंच पाहिजे असं नाही, हेही ती मुलीला स्पष्ट सांगते. आवाज चढत नाही, पण डोळे भरत असतात. तू का रडतेस, असं ज्युली विचारते. तू थांबावंस असं मला वाटत होतं, हे टॅमी लपवत नाही, आणि त्याच दमात मुलीने आपल्याशी बोलत राहावं म्हणून दारही उघडं ठेवते. दूरचित्रवाणीवर माय-लेकींचं यापेक्षा प्रामाणिक संभाषण मी तरी पाहिलेलं नाही. ब्रिटन यांचा चेहरा पाहा: प्रत्येक प्रश्न विचारण्याआधी एक बारीकसा श्वास आहे. विषय कठीण आहे आणि आपण चुकलो तर मुलगी पुन्हा येणार नाही, हे त्या श्वासात आहे. अशी दृश्यं लिहून मिळत नाहीत. दोन नटींना मोकळं सोडावं लागतं आणि कॅमेऱ्याने गप्प बसावं लागतं.

मॅटच्या घरची गोष्टही तितकीच बारकाईने रचली आहे. पहिल्याच भागात संघाचा हुकमी क्वार्टरबॅक जेसन स्ट्रीट एकाला अडवायला डोकं खाली घालून घुसतो आणि त्याचा मणका जायबंदी होतो. डोकं पुढे करून धडकणं शालेय आणि कॉलेजच्या फुटबॉलमध्ये १९७६ पासून निषिद्ध आहे, ते अशाच मानेच्या दुखापतींमुळे. पण धावत्या चेंडूच्या मागे लागलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा नियम आठवत नाही. मालिका इथे अश्रू ढाळून मोकळी होत नाही. दवाखान्याचा खर्च, स्ट्रीटच्या आईवडिलांनी शाळेवर आणि कोचवर केलेला दावा, चाकाच्या खुर्चीत बसून खेळायचं रग्बी, या सगळ्यातून ती त्या कुटुंबाला नेते. आणि स्ट्रीटच्या जागी उभा राहतो मॅट, जो आजपर्यंत बाकावर बसून होता. मॅटचा बाप लष्करात, इराकमध्ये. आई सोडून गेलेली. घरात फक्त आजी लॉरेन, आणि तिला स्मृतिभ्रंश होत चाललेला. मुलगा सकाळी आजीच्या गोळ्या बघतो, शाळा करतो, सराव करतो, संध्याकाळी फास्ट फूडच्या दुकानात काम करतो. तिसऱ्या पर्वात आजीच्या बाबतीत कायदेशीर निर्णय घेता यावेत म्हणून तो वयाच्या आधी कायद्याने सज्ञान व्हायचा अर्ज करतो. त्यासाठी आईची सही लागते, आणि ती सही मागण्यासाठी सोडून गेलेल्या आईच्या दारात जावं लागतं. सामन्यात चेंडू हातातून निसटणं आणि घरी आजीला सांभाळणं या दोन गोष्टी लेखकांनी कधी वेगळ्या ठेवल्या नाहीत.

चौथ्या पर्वातला पाचवा भाग, ‘द सन’ (म्हणजे मुलगा), त्याच धाग्याचा कळस आहे. मॅटचा बाप इराकमध्ये मारला जातो. मित्रांच्या सोबतीने मॅट रात्री शवपेटी उघडायला लावतो आणि आत जे दिसतं ते त्याला सोसत नाही. त्यानंतर तो टेलरांच्या घरी जेवायला येतो. टेबलाभोवती एरिक, टॅमी आणि ज्युली आहेत. ताटातलं अन्न तो नुसतं इकडून तिकडे ढकलतो, आणि मग बापाबद्दलचा सगळा राग, तिरस्कार, सगळं त्या टेबलावर ओकतो. मागे राहून आजीला सांभाळणारा मीच, पण लोक श्रद्धांजली वाहणार त्याला. मग उठून बाहेर जातो. एरिक त्याच्यामागे जातो आणि त्याला घरी पोचवतो. कोच तिथे उपदेश करत नाही. झॅक गिलफर्ड या नटाने ते दृश्य ज्या तऱ्हेने केलं आहे, त्याला दाद द्यायला शब्द तोकडे पडतात. दफनाच्या वेळी मॅट फावडं स्वतःच्या हातात घेतो आणि माती लोटत राहतो.

आता टॅमीकडे. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत कोचच्या बायकोचं काम नवऱ्याला धीर द्यायचं असतं. इथे टॅमीच्या कामामुळे नवऱ्याच्या कामावर सरळ परिणाम होतो, आणि उलटही. तिसऱ्या पर्वात ती मुख्याध्यापिका होते. वर्गात खडू नाहीत, शिक्षक कमी पडतात, आणि देणगीदारांनी मैदानावरच्या प्रचंड पडद्यासाठी मोठी रक्कम जमवली आहे. टॅमी ती रक्कम शिकवण्याकडे वळवायचं ठरवते. गाव खवळतं, आणि तिचा नवरा त्याच गावाच्या देणग्यांवर संघ चालवत असतो. निर्णय शेवटी वरून उलटवला जातो, पण भांडण मात्र टेलरांच्या घरात शिरतं. त्याच पर्वात जो मॅकॉय नावाचा पैसेवाला बाप येतो. त्याचा मुलगा विलक्षण क्वार्टरबॅक आहे आणि बाप त्या मुलाला पार्किंगमध्ये मारतो. टॅमी आणि एरिक हे पाहतात. शाळेतल्या माणसाने असं पाहिलं तर बालसंरक्षण यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. टॅमी कळवते. मॅकॉय सूड उगवतो, आणि पर्व संपताना एरिकच्या हातून डिलन पँथर्स हा त्याचा संघ गेलेला असतो. मूल वाचवायला गेले आणि नोकरी गमावून बसले, एवढी सरळ कारणपरंपरा. लेखकांनी तिला पार्श्वसंगीताचा जोर लावला नाही, हे त्यांचं मोठेपण.

मग चौथं पर्व, जे मला सर्वांत बळकट वाटतं. गावात शाळांची हद्द नव्याने आखली जाते, बंद पडलेलं ईस्ट डिलन हायस्कूल पुन्हा उघडतं, आणि गरीब वस्तीच्या त्या शाळेचा लायन्स हा संघ एरिकच्या गळ्यात पडतो. मैदान उजाड, कपड्यांच्या खोलीत रकून हा जंगली प्राणी घुसलेला, खेळाडू अपुरे. पहिल्या सामन्यात मध्यंतराला मुलं इतकी घायाळ असतात की एरिक सामना सोडून देतो. जुने गणवेश जाळले जातात आणि नवे एरिक स्वतःच्या खिशातून घेतो, तेही टॅमीला न विचारता, आणि घरचं गणित काही मोठं नाही. दरम्यान श्रीमंत बाजूच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या टॅमीला कळतं की लूक कॅफर्टी हा चांगला खेळाडू खरं तर ईस्ट डिलनच्या हद्दीत राहतो. या बाजूच्या एका रिकाम्या जागेवर नुसती पत्रपेटी उभी करून खोटा पत्ता दिलेला. ती नियमाप्रमाणे त्याला त्याच्या शाळेत पाठवते. म्हणजे नवऱ्याच्या संघात. तिने हे कुणासाठी केलं, हा संशय गाव पुढे तिच्या पाठीमागे लावून ठेवतं, आणि तिने नियम पाळला एवढंच खरं असलं तरी कुणी ऐकत नाही. व्हिन्स हॉवर्ड याच पर्वात येतो. पोलिसांच्या हाती लागलेला, घरी व्यसनात बुडालेली आई असलेला मुलगा. ही भूमिका मायकल बी. जॉर्डन यांची. एरिकचा कोच म्हणून खरा कस इथे लागतो, कारण इथे जिंकणं हा मुद्दाच नसतो. पोरगा सरावाला आला हाच त्या दिवसाचा विजय.

पाचव्या पर्वात हिशेब मांडला जातो. टॅमीला फिलाडेल्फियाच्या ब्रेमोर कॉलेजात प्रवेश विभागाची प्रमुख म्हणून बोलावणं येतं. एरिकसमोर डिलनच्या दोन्ही शाळांचे संघ एकत्र करून होणाऱ्या बलाढ्य संघाचा करार आहे. अठरा वर्षं ती त्याच्या नोकरीमागे गावं बदलत आली. आता तिची पाळी आहे, हे ती त्याला सांगते, आणि तो ते कबूल करत नाही. चँडलर यांनी इथे एरिकला अजिबात वाचवलेलं नाही. चांगला माणूस आपल्या घरातल्या अन्यायाकडे किती शांतपणे पाठ फिरवू शकतो, हे ते दाखवतात. शेवटच्या ‘ऑलवेज’ या भागात तो तिच्याकडे येतो आणि तिच्यासोबत फिलाडेल्फियाला येऊ देण्याची विनंती करतो. विनंती, परवानगी नव्हे. अंतिम सामन्यातला व्हिन्सचा चेंडू हवेत असतानाच मालिका आठ महिने पुढे उडी मारते. सामना कोण जिंकलं ते नंतर विजेत्यांच्या एका अंगठीवरून कळतं. त्या भागाच्या लेखनासाठी केटिम्स यांना आणि एरिकच्या भूमिकेसाठी चँडलर यांना २०११ मध्ये एमी हे दूरचित्रवाणीचं पारितोषिक मिळालं. ब्रिटन यांना मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं.

मालिका कुठे चुकते तेही सांगायला हवं. दुसऱ्या पर्वात मॅटचा मित्र लँड्री हा टायरा या शाळेतल्या मुलीच्या हल्लेखोराला मारतो आणि प्रेत नाहीसं केलं जातं, हा धागा या मालिकेच्या जगात बसतच नाही. ज्या गावात सामना हरणं हीच आपत्ती, तिथे खून आला की बाकी सगळं लहान दिसतं. त्यात २००७-०८ चा लेखकांचा संप आला, पर्व पंधरा भागांवर थांबलं, आणि सँटियागोसारखी पात्रं काही न सांगता गायब झाली. मुलांची इयत्ताही जुळत नाही. मॅट आणि लँड्री एका वर्गातले, पण मॅट तिसऱ्या पर्वात शाळा संपवतो आणि लँड्री चौथ्यात अजून शाळेतच. सामने फार वेळा अखेरच्या सेकंदाला जिंकले जातात. वाहिनीनेही दुसरं पर्व शुक्रवारी रात्रीच लावलं, म्हणजे ज्यांच्या आयुष्याबद्दल मालिका आहे ते लोक त्या वेळी मैदानावर. प्रेक्षकसंख्या कमी असूनही मालिका तगली, ती तिसऱ्या पर्वापासून डायरेक्टव्ही या उपग्रहसेवेने खर्चात वाटा उचलला आणि भाग आधी स्वतःच्या वाहिनीवर दाखवले म्हणून.

तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याने पहिलं पर्व २२ भाग सलग बघावं. मॅटचा बाप सुटीवर घरी येतो ते भाग नीट बघावेत, कारण ‘द सन’चा सगळा भार त्यांच्यावर आहे. दुसऱ्या पर्वात लँड्री-टायराचा धागा आला की खुशाल पुढे सरकवा. मात्र त्याच पर्वाच्या सुरुवातीला एरिक कॉलेजच्या नोकरीसाठी ऑस्टिनला गेलेला असतो आणि टॅमी डिलनमध्ये तान्ह्या ग्रेसीला मांडीवर घेऊन, रुसलेल्या ज्युलीला सांभाळत, झोपेविना घर रेटत असते. ते प्रसंग एकही सोडू नका. पाचव्या पर्वात ती जे मागते त्याची थकबाकी तिथून सुरू झालेली आहे.